दांडी कोण धरणार?

मासे पकडण्याचे माणसाने जेवढे प्रकार काढले आहेत, त्यांत ट्रोलिंगइतका आरामाचा प्रकार दुसरा नसेल. आमिष पाण्यात सोडायचं आणि बोट चालू ठेवायची, की झालं. बोटीचा वेग ताशी दोन ते तीन मैल, म्हणजे शिवाजी पार्काला सकाळच्या फेऱ्या मारणारे आजोबाही तिला मागे टाकून पुढच्या कट्ट्यावर जाऊन बसतील. मागे लांबवर पाण्याखालून पत्र्याचा एक चमचा लटपटत, लकाकत येत असतो. त्याला अधू झालेला लहान मासा समजून मोठा मासा झडप घालतो. चालायचं काम इंजिनाचं, अभिनय पत्र्याचा, फसायचं काम माशाचं. माणसाच्या वाट्याला एवढंच उरतं की दांडी धरून बसावं. तेही जिवावर आलं म्हणून त्याने रॉड होल्डर काढला. बोटीच्या काठावर बसवलेली एक नळी. तिच्यात दांडी खोचली की हात मोकळे.

हात मोकळे झाले की माणूस एक तर खातो, नाहीतर विचार करतो. आणि दांडी धरायची उरली नाही म्हटल्यावर, ती कशात धरवावी याचा विचार करत बसतो.

आमचे एक स्नेही मिशिगन राज्यात, ग्रँड रॅपिड्सच्या जवळ राहतात. मूळचे मालवणचे. निर्णय घेण्यात माणूस पटाईत. लग्न त्यांनी कांदेपोह्यांची बशी खाली ठेवायच्या आत ठरवलं. घर घेताना एजंटाने दुसरंच घर दाखवलं आणि यांनी खिशातून पेन काढलं. बोटही अशीच आली, दोन-तीन फोनांत. जुनी, फायबरची, बेताच्या आकाराची. पण त्या बोटीवर दांड्या कशात खोचायच्या, हे ठरवायला त्यांना ऑक्टोबर ते एप्रिल असा अख्खा हिवाळा अपुरा पडला. इथे त्यांना आपण मालक म्हणू. बोट त्यांची आहे म्हणून, आणि वहिनी फार संतापल्या की त्याच नावाने हाक मारतात म्हणून.

बोट असते ग्रँड हेवनच्या बंदरात, लेक मिशिगनवर. लेक म्हणजे तळं असं आपण शाळेत शिकलो, पण हे तळं ४९४ किलोमीटर लांब आहे आणि सर्वांत खोल जागी २८१ मीटर खोल. आपला कोकण विभाग त्यात जवळजवळ दोनदा मावेल. काठावर उभं राहिलं तर पलीकडचा किनारा दिसत नाही. लाटा आहेत, वाळू आहे, धक्क्याच्या टोकाला लाल दीपगृह आहे. समुद्राला लागतं ते सगळं आहे, फक्त मीठ नाही. हे मीठ नसणं पुढे बरंच महागात जाणार आहे, म्हणून इथेच नोंदवून ठेवतो.

ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप, तो सॅमन या तळ्याचा नव्हेच. तिथला मूळचा राजा लेक ट्राउट. लँप्रे नावाच्या रक्तपिपासू प्राण्याने १९४० ते १९६० च्या दरम्यान त्याचा फडशा पाडला. मग एलवाइफ नावाचा, आपल्या तारलीच्या नात्यातला मासा आत शिरला. अशा समुद्री पाहुण्यांना नायगाराचा धबधबा पूर्वी अडवून धरत होता. वेलंड कालव्याने त्याला वळसा घालून दिला आणि जहाजांच्या वाटेने हेही आले. खाणारं कोणी उरलं नव्हतं. प्रजा इतकी मातली की १९६७ साली मेलेल्या एलवाइफचे ढीगच्या ढीग किनाऱ्याला लागले आणि ते उचलायला बुलडोझर आणावे लागले. तोवर मिशिगनच्या मत्स्यविभागाचे प्रमुख हॉवर्ड टॅनर यांनी ओरेगनहून कोहो सॅमनची अंडी मिळवून १९६६ च्या वसंतात पिल्लं सोडलीही होती. पुढच्या वर्षी चिनूक सॅमन सोडले. एलवाइफ खाल्ला जावा हा एक हेतू आणि लोकांनी दांड्या घेऊन तळ्याकडे धाव घ्यावी हा दुसरा. दोन्ही सफल झाले. सरकारी योजनेबद्दल असं वाक्य लिहायची संधी क्वचित मिळते, म्हणून जरा सावकाश लिहिलं.

२०२१ च्या ऑगस्टमध्ये लडिंग्टनजवळ ४७.८६ पौंडांचा, म्हणजे पावणेबावीस किलोंच्या घरातला चिनूक लागला आणि १९७८ पासूनचा राज्याचा विक्रम मोडला. हा आकडा मालकांच्या फ्रीजवर चुंबकाखाली लावलेला आहे. होल्डरविषयीची प्रत्येक चर्चा तिथूनच सुरू होते.

"उद्या एवढा मासा लागला तर हे प्लास्टिक टिकेल का?"

"एवढा मासा लागला तर नवा फ्रीझर लागेल," वहिनी म्हणाल्या. "तो निवडायला किती हिवाळे घेणार, तेवढं आत्ताच सांगा."

मालकांची बाजू अगदीच लंगडी नव्हती. मिशिगनच्या नियमाने एका माणसाला तीन दांड्या लावता येतात. बोटीवर चौघे असले की बारा दांड्या आणि आठ हात. त्या आठांतला एक सुकाणूवर, एक थर्मासवर, आणि कोणा एकाला बोट लागलेली असल्याने त्याचे दोन्ही पोटावर. तेव्हा होल्डर हवेतच. इथवर सगळं रास्त आहे. पुढचं वळण मालकांनी फार वेगात घेतलं.

होल्डर म्हणजे एक नळी असं मी वर म्हटलं, ते मालकांच्या देखत म्हणू नये. एक असतो बोटीच्या काठात भोक पाडून कायमचा बसवायचा; वरून त्याचं फक्त चकचकीत तोंड दिसतं. भोक पाडायची छाती नसणाऱ्यांसाठी कठड्याच्या नळीला आवळायचा असतो. कॅनडात व्हँकुव्हर बेटावर सिडनी नावाचं गाव आहे, तिथले स्कॉटीवाले काळ्या, चिवट प्लास्टिकचे करतात. बैठक एकदा पक्की बसवली की वरचा होल्डर हवा तेव्हा उपसून घरी नेता येतो. ग्रेट लेक्सवर फार चालतो तो ट्रॅकचा प्रकार: काठाच्या लांबीने खाचेची अॅल्युमिनियमची पट्टी बसवायची आणि होल्डर तिच्यात सरकवून हवे तिथे आवळायचे. आणि छपरावर ओळीने, आभाळाकडे तोंड करून असतात त्यांना रॉकेट लाँचर म्हणतात. मुख्यतः दांड्या ठेवून द्यायची ती जागा. पण बोट धक्क्याला बांधलेली असताना त्यांच्यामुळे जो रुबाब येतो तो दुसऱ्या कशाने येत नाही, आणि बोटीचं बरंचसं आयुष्य धक्क्याला बांधलेलंच जातं.

खरी मेख आहे कोनात. बारा दांड्या लावायच्या म्हणजे त्यांच्या दोऱ्या एकमेकींत गुंतता कामा नयेत, म्हणून प्रत्येकीची चाल वेगळी. पहिला प्रकार डाउनरिगरचा. त्यावर पोलादी तारेला दहा-बारा पौंडांचा शिशाचा गोळा असतो. दांडीची दोरी त्या गोळ्याजवळच्या चिमट्यात अडकवायची आणि दोन्ही खाली सोडायचं, चिनूकला मानवणारं दहा-बारा अंश सेल्सियसचं गार पाणी जिथे असेल त्या खोलीपर्यंत. वर दांडी ताणून पार कमानीत वाकवून ठेवायची. मासा लागला की चिमटा सुटतो आणि दांडी ताडकन सरळ होते. मासा लागला की दांडी वाकते हे आपलं पुस्तकी ज्ञान. इथे ती आधी ताठ होते. मग वाकते. नवखा पाहुणा मधल्या क्षणी "गेला, गेला!" म्हणून ओरडतो, आणि त्याला समजावण्याच्या गडबडीत मासा खरोखर जातो.

दुसरा प्रकार डायव्हरचा. ही एक प्लास्टिकची चकती, दोरीला बांधलेली. बोट चालू लागली की ती खाली आणि बाजूला अशी तिरपी घुसते. मासा नसतानाही ती दांडी अशी ओढते की नवख्याला वाटावं आजचा विक्रम आपलाच. ही दांडी पाण्याला जवळजवळ समांतर, आडवी ठेवावी लागते आणि तिचा होल्डर सगळ्यांत दणकट लागतो. तिसरा प्रकार प्लेनर बोर्डचा. दोरीला अडकवलेली ही फळी बोटीपासून लांब, आडवी पळत जाते. तिची दांडी उलट उंच उभी हवी, म्हणजे दोरी लाटांच्या आणि बाकीच्या दोऱ्यांच्या वरून जाते.

म्हणजे एक आडवी, एक तिरपी, एक उभी. काठात बसवायचे होल्डर मिळतात ते पंधरा अंशांचे, तीस अंशांचे किंवा सरळ. एकदा बसवला की त्याचा स्वभाव बदलत नाही. ज्याला दातेरी चक्र असतं तो मात्र कट्-कट् करत हवा तसा वाकतो. मालकांना हा 'कट्-कट्' फार आवडला. हिवाळ्यात बोट पांढऱ्या प्लास्टिकात गुंडाळून शेडमध्ये पडलेली. मग चाचणी घरातच सुरू झाली. नमुन्याचे होल्डर जेवणाच्या टेबलाच्या कडेला आवळले. एकात कुंच्याचा दांडा, एकात मुलाची हॉकी स्टिक. दांड्यांच्या टोकांना व्यायामाची वजनं लटकवली आणि मालक स्टॉपवॉच घेऊन समोर बसले. कशाची वेळ मोजत होते, हे त्यांनाच ठाऊक. वहिनी पोळ्या घेऊन आल्या की वाकून, कुंच्याखालून यायच्या. एकदा भाजीचं पातेलं ठेवायला जागा मिळाली नाही तेव्हा त्यांनी ते सरळ दांड्याला लटकवलं. होल्डर इंचभरही ढळला नाही. मालकांनी ते वहीत लिहून घेतलं, पातेल्याच्या वजनासकट.

एवढी सावधगिरी का, तर त्याला मागच्या मोसमाची पार्श्वभूमी होती. तेव्हा बोटीवर स्वस्तातले प्लास्टिकचे होल्डर होते, आजन्म हमीचे. ऑगस्टमध्ये डायव्हरच्या दांडीवर काहीतरी मोठं लागलं. होल्डर बुंध्यात मोडला आणि होल्डर, दांडी, रीळ आणि ते काहीतरी मोठं असा सगळा परिवार पाण्यात गेला. मालकांनी कंपनीला कळवलं. उत्तर अतिशय सौजन्याचं आलं: मोडलेल्या भागाचा स्पष्ट फोटो पाठवावा. मोडलेला भाग दीडशे फूट पाण्याखाली होता. मालकांनी तळ्याचा फोटो पाठवला. कंपनीने लिहिलं, फोटोत वस्तू दिसत नाही. पुन्हा एखादा पाठवता येईल का? शक्यतो उजेडात.

तेव्हा या खेपेला स्टील. आणि स्टील म्हटलं की ३०४ का ३१६ हा प्रश्न येतो. क्रोमियम, निकेल दोन्हींत असतं. ३१६ मध्ये वर दोन-तीन टक्के मॉलिब्डेनम असतं, त्यामुळे खाऱ्या पाण्यात ते जास्त तग धरतं. किंमतही त्या मानाने चढी. मालकांनी ३१६ ठरवलं.

मी म्हटलं, "अहो, पण तळं गोडं आहे."

"रस्ते खारे आहेत," मालक म्हणाले.

आता मिशिगनमध्ये हिवाळ्यात रस्त्यावरचा बर्फ वितळावा म्हणून मीठ टाकतात हे खरं. पण हिवाळ्यात बोट शेडमध्ये असते. ती त्या रस्त्यांवर जाईलच कशाला?

"एप्रिलात बाहेर काढतो तेव्हा थोडं उरलेलं असतं."

या उत्तरापुढे मी गप्प बसलो. माणसाच्या तोंडात एकदा मॉलिब्डेनम बसलं की त्याला परत फिरवता येत नाही.

मे महिन्यात आबा आले. आबा म्हणजे मालकांचे वडील. हयात एस. टी.च्या वर्कशॉपात गेली, पण लहानपण मालवणच्या किनाऱ्यावर. शेजाऱ्यांच्या होडीतून गरवायला जायचे. होडी चालती ठेवून मागे दोरी सोडायची, दोरीचा एक वेढा बोटाला, आणि सुरमईची वाट बघायची. म्हणजे ट्रोलिंगच, फक्त होल्डरच्या जागी आबा.

त्यामुळे गॅरेजातले खोके उघडून दाखवताना आम्हा सगळ्यांची खात्री होती की म्हातारा आता हसणार. खोल पाण्यातली मासेमारी मराठी वाचकाला ठाऊक झाली ती हेमिंग्वेच्या म्हाताऱ्यामुळे, पु. ल. देशपांडे यांनी १९६५ मध्ये 'एका कोळियाने' या नावाने त्याला मराठीत आणलं. तो म्हातारा दोरी पाठीवर घेतो, तळहात सोलून निघतात, पण सोडत नाही. असल्या म्हाताऱ्याकडून होल्डरविषयी काय ऐकायला मिळणार, हे आम्ही मनात तयार करूनच ठेवलं होतं.

आबांनी होल्डर हातात घेतला. उलटा केला. डोळा लावून आरपार पाहिलं. आत बोट घातलं, तळाची आडवी खीळ चाचपली आणि विचारलं, "ही खीळ कित्याक?"

मालकांनी सांगितलं, दांडीच्या बुडाला फुलीची खाच असते. ती या खिळीवर बसते, म्हणजे दांडी जागच्या जागी फिरत नाही आणि रीळ वरच्या बाजूलाच राहतं.

आबा उठले. हात धुऊन आले, चष्मा बदलला, स्टूल ओढून घेतलं आणि म्हणाले, "आता सगळे एकेक करून दाखय."

त्या क्षणी वहिनींच्या लक्षात आलं की घरात आता दोघे झाले.

रात्री जेवताना आबांनी मुद्द्यालाच हात घातला. "ह्या तळ्याक मीठ नाय मां?"

"नाही."

"मगे तीनशेसोळा कित्याक?"

वहिनींनी हातातला डाव खाली ठेवला. इतक्या महिन्यांत प्रथमच कोणीतरी त्यांच्या बाजूने बोलत होतं. मालकांनी रस्त्यांवरच्या मिठाची हकीगत सांगितली, एप्रिलात थोडं उरलेलं असतं तेही सांगितलं. आबा भात कालवत राहिले. मग मान डोलावून म्हणाले, "खरा हा. आणि घामाक पण मीठ असता."

वहिनी आत निघून गेल्या.

भोकं पाडायचा दिवस ठरला. बोटीकडून आपली एकच माफक अपेक्षा असते, तिला भोक नसावं. आणि इथे पैसे मोजून, मापं घेऊन, पाच-सहा पाडायची होती. मालकांनी ड्रिल हातात घेतलं आणि ठेवलं. पुन्हा घेतलं. आबांनी त्यांना बाजूला केलं, टॉर्च घेतला आणि पाठीवर झोपून काठाच्या खाली सरकले. आत तेलाची नळी कुठून जाते, वायरी कुठून, नळीची लांबी आत मावते का, हे सगळं खालून ओरडून सांगू लागले. मग वर येऊन त्यांनी कागदाचा साचा कापला. होल्डर तीस अंशांत तिरका बसणार, म्हणजे गोल भोक चालणार नाही, लंबगोल हवं. साचा चिकटपट्टीने काठावर बसवला. चिकटपट्टी आणखी एका कामाची: फायबरवरच्या चकाकत्या थराचे टवके उडत नाहीत. तेवढ्यासाठीच गोल करवत सुरुवातीला उलटी फिरवायची, वरचा थर कापला गेला की सुलटी. हे मालकांनी हिवाळ्यात पाठ केलं होतं. आबांना ते कोणी सांगितलं नव्हतं. त्यांनी ड्रिल उचलून पहिलीच उलटी कळ दाबली. मालकांचा चेहरा बघण्यासारखा झाला.

ड्रिलचा आवाज झाल्याबरोबर आजूबाजूच्या बोटींवरून माणसं आली. याला धर्म, जात, खंड काही आड येत नाही. हातात पाना घेतलेल्या माणसाभोवती चार मोकळे हात जमणारच, मग तो मालवणचा धक्का असो की ग्रँड हेवनचा. एकाचं म्हणणं, सिलिकॉन लावू नका, पुन्हा काढायची वेळ आली तर रडाल. दुसऱ्याचं, तेच लावा, पुन्हा काढायचंच कशाला? तिसरा काही बोलला नाही, नुसता भोकाकडे बघून दीर्घ श्वास घेऊन गेला आणि मालकांची त्या रात्रीची झोप घेऊन गेला. आबांना इंग्रजी बेताचं. त्यांनी सगळ्यांना हसून "यस, यस" म्हटलं आणि खालून जाड पट्टी लावून नट आवळला, कारण नुसत्या फायबरवर नट आवळला तर ओढ आली की फायबरच चिरतं. मग बाहेर आलेला चिकट पदार्थ अंगठ्याने एका फटक्यात पुसून काढला. तो अंगठा पाहून तिघेही पांगले.

शेवटी बोटीवर मागच्या बाजूला काठात बसवलेले, दोन्ही बाजूंना ट्रॅकवर कट्-कट्वाले आणि छपरावर रॉकेट लाँचर असा सर्वपक्षीय तोडगा निघाला. होल्डर दांड्यांपेक्षा जास्त झाले. रिकामे होल्डर बरे दिसत नाहीत म्हणून मालकांनी आणखी दांड्या घेतल्या. वहिनींना हिशेब सांगताना मात्र त्यांनी क्रम उलटा सांगितला.

जुलैत एका रविवारी आम्ही सगळे निघालो. पहाटेचा अंधार, थर्मास, थालीपिठं, आणि मालकांच्या ऑफिसातला एक तरुण, ज्याने आयुष्यात मासा फक्त ताटात पाहिला होता. दांड्या लागल्या. उभ्या, तिरप्या, आडव्या. मालक एकेका होल्डरपाशी थांबून एक दाता वर, एक दाता खाली करत फिरत होते. मासे काही लागत नव्हते, पण कोन सुधारत होते. आबा खालच्या डब्यावर बसून डायव्हरच्या होल्डरकडे टक लावून होते. पाण्याकडे त्यांचं लक्षच नव्हतं.

मग ती डायव्हरची दांडी पाण्यापर्यंत खाली गेली आणि रीळ किंचाळू लागलं.

पुस्तकात इथे माणूस आणि मासा यांचं युद्ध सुरू होतं. इथे ते माणूस आणि होल्डर यांच्यात सुरू झालं. मागे ओढणारा मासा, पुढे चालती बोट. मधल्या मध्ये दांडीचा मागचा भाग नळीत तिरका रुतून बसतो. त्या तरुणाने सगळं वजन टाकून दांडी वर ओढली. जितकी ओढावी तितकी ती आवळत होती. "बोट थांबवा!" एक जण म्हणाला. "थांबवली तर दोरी ढिली पडेल आणि मासा जाईल!" दुसरा म्हणाला. मालकांनी अर्धी थांबवली, म्हणजे कोणाचंच समाधान झालं नाही. आबांनी त्या तरुणाचा हात बाजूला केला, पुढची मूठ धरून दांडी आधी जराशी वर तोलली, ताण सुटला तशी नळीच्याच रेषेत मागे खेचली, आणि ती लोण्यातून निघावी तशी निघाली. "वर नाय, मागे," एवढंच म्हणाले आणि दांडी त्याच्या हातात दिली.

पोरगा ती घेऊन आनंदाने बोटीच्या मागच्या टोकाकडे धावला आणि वाटेतच जागच्या जागी थांबला. मागच्या वर्षीच्या दुःखानंतर मालकांनी प्रत्येक दांडीला दोरीची गळपट्टी बांधून ती काठाच्या कड्यात अडकवून ठेवली होती. ती गाठ मालकांनी स्वतः बसवली होती, त्यामुळे सुटत नव्हती. उरलेली लढाई त्याने खुंट्याला बांधलेल्या अवस्थेतच लढली. वहिनींनी जाळं घातलं आणि एक नीटस, चांदीसारखा कोहो बोटीत आला. फ्रीजवरच्या आकड्याच्या आसपासही नव्हता. वहिनींनी त्याचं तिखलं केलं, कोकम मालवणचं, आणि ते झकास झालं एवढं सांगून पुढे जातो, कारण जेवताना सगळं बोलणं माशावर न होता नळीच्या आतल्या व्यासावर झालं.

ऑक्टोबरात आबा परत गेले. काठात बसवायचा एक होल्डर उरला होता, ३१६ चा, तीस अंशांचा. आबांनी तो बनियनमध्ये गुंडाळून सुटकेसच्या तळाशी ठेवला. कशाला, ते कोणी विचारलं नाही.

पाडव्याला मालवणहून व्हिडिओ कॉल आला. आबांनी आधी तोंड दाखवलं, मग फोन उलटा फिरवला. सज्ज्याच्या काँक्रीटच्या कठड्यात, वरून फक्त चकचकीत तोंड दिसेल असा, तो होल्डर बसवलेला होता आणि त्यातून बरोब्बर तीस अंशांत गुढी बाहेर झेपावलेली. खण, कडुनिंबाची डहाळी, साखरेची गाठी, वर तांब्या. दरवर्षी सुतळीने बांधलेली काठी वाऱ्याने फिरायची आणि दुपारपर्यंत तांब्या भिंतीकडे तोंड करून बसायचा. या वर्षी आबांनी काठीच्या बुडाला फुलीची खाच पाडून ती खिळीवर बसवली होती. वारा जोरात होता. तांब्या ढिम्म.

शेजारचे एक काका कॅमेऱ्यात डोकावून होल्डरला हात लावून बघत होते. "ह्या खंय गावता?" त्यांनी विचारलं.

"गावात. पण तुका तीनशेचार पुरे," आबा म्हणाले. "तुझा घर वरच्या वाडीत. माका थेट खारो वारो लागता."

मिशिगनच्या बाजूला मालकांनी फोनवरून मान वर केली आणि विजयी मुद्रेने वहिनींकडे पाहिलं. "ऐकलंस? ३१६ च हवं."

"ऐकलं," वहिनी म्हणाल्या. "मग बोटही तिकडेच न्या, मालक."